आधी मी शिकणार

३ फेब्रुवारी
ऑफिसात खळबळ. ओलिंपिया मॅडमनी सांगितलं, आपलं जुनं सॉफ्टवेअर सप्टेंबरात बंद. मशीन लर्निंग शिकलेले नव्या टीममध्ये. बाकीच्यांचं काय, ते बोलल्या नाहीत. सगळे पांढरेफटक. मी शांत. मी शिकणार.

घरी ओटिलियाशी बोललो. तीही प्रोग्रामर, दुसऱ्या कंपनीत. तिलाही शिकायचंय. पण सांदू चार वर्षांचा, दोघं एकदम अभ्यासाला बसलो तर पोराला कोण बघणार? ठरलं: आधी मी, मग ती. संध्याकाळी पोराचं सगळं ती बघेल. बायको असावी तर अशी.

आता एवढंच ठरवायचं: विद्यापीठात मास्टर्स की ऑनलाइन कोर्स. उद्या ठरवतो.

११ फेब्रुवारी
मास्टर्सला वजन आहे, पण दोन वर्षं. कोर्स तीन महिन्यांत, पण तो कोणीही करतं. घाई नको. शेजारच्या टेबलावरच्या विर्जिलने कोर्स सुरूसुद्धा केला. काही तुलना नाही, काही नाही. कीव आली.

२ मार्च
संध्याकाळभर वाचन. 'मास्टर्स की कोर्स' यावर इंटरनेटवर लोक कडाकडा भांडतायत. एका पोर्तुगीज माणसाशी मीही वाद घातला. जिंकलो. त्याने उत्तर देणं बंद केलं.

ओटिलियाने दारातून विचारलं, अभ्यास कसा चाललाय. म्हटलं, जोरात.

२० मार्च
एक कोर्स विकत घेतला, चाचपणी म्हणून. शिकवणारा फार हसतो. पहिला धडा सोपा, हे मला येतंच. दुसऱ्यात गणित. दुसरा धडा नीट शिकवलेला नाही. गणित शिकावं तर विद्यापीठातच. म्हणजे मास्टर्स. बहुतेक.

१३ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
पाश्कानीला सासूबाईंकडे. ईस्टरची लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडायचा खेळ चालू असताना त्यांनी विचारलं, जावईबापू, शिक्षण कुठवर आलं? सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. तोंडातून निघून गेलं, मास्टर्सचं पक्कं झालं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. सासऱ्यांनी घरची प्लमची दारू काढली. वातावरण इतकं छान होतं की दुरुस्ती करणं बरं दिसलं नसतं.

परतताना गाडीत ओटिलिया म्हणाली, पक्कं म्हणजे? म्हटलं, पक्कं म्हणजे पक्कं.

२४ एप्रिल
ओटिलियाची कंपनी तिच्या मास्टर्सचा सगळा खर्च करणार म्हणे. अट एकच, याच वर्षी सुरू करायचं. सोमवारी उत्तर हवं.

स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली, "टिबी, तू कोर्सच करणार असशील तर आत्ता सांग. तो जुलैपर्यंत संपेल, माझं मास्टर्स त्यानंतरच सुरू होईल, मग मी हो म्हणते. मला राग नाही येणार. फक्त खरं सांग."

आता कोर्स म्हणालो तर सासूबाईंना काय तोंड दाखवू? म्हटलं, मास्टर्स. ठरलंय.

ती बराच वेळ पातेलं पुसत होती. कोरडं झालं होतं तरी.

२७ एप्रिल
तिने कंपनीला 'नाही' असं कळवलं. तिच्या टीममधल्या एका मुलीला ती जागा मिळाली. मी म्हटलं, माझं झालं की तुझा नंबर. ती म्हणाली, तेव्हा ते पैसे देणार नाहीत, टिबी.

आता माघार नाही. सोमवारपासून जोरदार अभ्यास. आज सोमवारच आहे हे लिहिताना लक्षात आलं. म्हणजे पुढच्या सोमवारपासून.

८ जून
नवी खुर्ची आली. पाठ दुखत असेल तर गणित डोक्यात शिरत नाही. हे आधीच कळायला हवं होतं.

विर्जिलचा कोर्स संपला. तो नव्या टीममध्ये गेला. केक आणला होता. मन मोठं करून दोन तुकडे खाल्ले. मॅडमनी विचारलं, तुमचं काय? म्हटलं, मी खोलवर जातोय.

१६ जुलै
प्रवेशपरीक्षा. पहिला प्रश्न वाचला. दुसरा वाचला. परत पहिला वाचला. शेजारची मुलगी भराभर लिहीत होती, तिच्या पेनाचा आवाज डोक्यात जात होता.

पेपर जुनाट पद्धतीचा. अशा पेपरने माणसाची खरी कुवत कळत नाही. निषेध म्हणून मध्येच उठलो. थेट घरी गेलो असतो तर ओटिलियाला उगाच शंका आली असती, म्हणून ट्रामने या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलो.

२१ जुलै
कोपोऊच्या बागेत सांदू वाळूत खेळत होता. निकाल ओटिलियानेच फोनवर उघडला. म्हणाली, तुझं नाव दिसत नाहीये. म्हटलं, छपाईची चूक असेल. तिने परत वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मग विचारलं, "अभ्यासाला बसलास का रे कधी?" म्हटलं, रोज बसलो. हे खरं आहे. बसलो होतो.

"मी कंपनीला नाही म्हणून कळवलं, त्या दिवशी तुझं पक्कं नाही हे तुला माहीत होतं?"

म्हटलं, तेव्हा माझं ठरत होतं.

ओरडली असती तर मलाही काही बोलता आलं असतं. ती सांदूच्या बुटांतली वाळू झटकत बसली. दोन्ही बूट रिकामे झाले तरी झटकत होती.

१७ सप्टेंबर
मॅडमनी खोलीत बोलावलं. महिनाअखेर माझा शेवटचा दिवस. मी म्हटलं, थोडी मुदत द्या, माझं जवळजवळ ठरलंय. मॅडम म्हणाल्या, काय ठरलंय?

५ ऑक्टोबर
ओटिलियाने स्वतःच्या पगारातून ऑनलाइन कोर्स घेतला. कसा निवडलास म्हणून विचारलं. म्हणाली, बरा वाटला, घेतला. मी तिला मास्टर्स आणि कोर्स यांतला फरक समजावून सांगायला लागलो, तर तिने हेडफोन लावले. दार लावून घेतलं. आता रोज संध्याकाळी सांदू माझ्याकडे.

आंघोळ घालताना त्याने विचारलं, आई आत काय करते? म्हटलं, शिकते.

"आणि तू?"

म्हटलं, डोळे मीट, साबण जाईल.