काठावर उभं राहण्याबद्दल

अण्णा, मागच्या महिन्यात मी कोचीला जाऊन आले. पाण्यात व्यायाम शिकवणाऱ्यांची तीन दिवसांची परिषद होती. तुम्ही असतात तर आधी पोटभर हसला असतात. पाण्यातला व्यायाम, त्याची परिषद, आणि त्यासाठी लेक विमानाने जाते. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत पी.टी. शिकवत होते. आता संत तुकाराम नगरजवळच्या एका तलावावर सकाळी बायकांचा वर्ग घेते. गाणी लावायची, छातीइतक्या पाण्यात उड्या मारायच्या, पाय झाडायचे. जमिनीवर ज्यांना दोन जिने चढवत नाहीत त्या साठीच्या बायका पाण्यात पोरींसारख्या खिदळतात. मला हे काम मनापासून आवडतं, म्हणून पुढचं लिहायला जड जातंय.

वर्गात थेरगावच्या एक बाई होत्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीला टेकलेल्या, गुडघ्यांसाठी यायच्या. जन्मभर शेवटच्या बाकावरच्या पोरांना ओरडले, आता तिथे उभं राहून बघते, असं म्हणत त्या कायम शेवटच्या रांगेत असायच्या. एका सकाळी उड्या चालू असताना त्या पाण्याखाली गेल्या. पाय घसरला की तोल गेला, मला सांगता येणार नाही, कारण मी पाहिलंच नाही. मी नेहमीसारखी पाण्यातच होते, पहिल्या रांगेसमोर, आणि मला पहिल्या रांगेची डोकी दिसत होती. जीवरक्षक तलावाच्या खोल टोकाला होता. शेजारच्या बाईंनी आरडाओरडा केला, मी पाणी कापत मागे पोचेपर्यंत दोघींनी त्यांना वर ओढलं होतं. छातीत पाणी गेलं होतं. चार दिवस दवाखान्यात होत्या, पण वाचल्या. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो शिफ्ट अर्धी टाकून आला. आवाज न चढवता त्याने मला विचारलं, मॅडम, नेमकं झालं काय? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बीपीची गोळी घ्यायला विसरल्या असतील. चक्कर आली त्यांना." त्याने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवायला त्याला काहीच अडचण नव्हती, नऊ वर्षं आई माझ्याकडे येत होती.

कोचीत पहिल्याच सकाळी हॉटेलच्या तलावावर शिबिर होतं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, अंगाने माझ्यापेक्षा भरलेल्या, पोहायच्या पोशाखात काठावर उभ्या. त्यांनी विचारलं, पाण्यात उतरून कोण शिकवतं? तिघांनी हात वर केले, त्यात मी. का, असं विचारल्यावर मी तुमची गोष्ट सांगितली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत चऱ्होलीची विहीर सांगितली, तुम्ही कंपनीतून आणलेला तेलाचा रिकामा डबा सांगितला, झाळून हवाबंद केलेला, तो पाठीला बांधून मला पाण्यात सोडलेलं सांगितलं. आणि तो दिवस सांगितला. मी अकरा वर्षांची, पायरीवर कोरडी बसलेय आणि पाण्यातल्या धाकट्या चुलत बहिणीला "पाय मार, पाय मार" म्हणून हुकूम सोडतेय. तुम्ही पहिली पाळी करून सायकलवरून येताय. सायकल बांधावर टाकून तुम्ही कपड्यांसकट विहिरीत उतरता, तिला हातावर घेता आणि मला म्हणता, "काठावरनं बेडूक बी वरडतो. शिकवायचं आसंल तर आधी पाण्यात ये." मी सांगितलं की त्या दिवसापासून मी काठावर उभी राहून कधी शिकवलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका मल्याळी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्या शिकवणाऱ्या बाईंनी मला पाण्यात उतरवलं. माझ्यासमोर वीस जणांना चार रांगांत उभं केलं, गाणं लावलं, घ्या वर्ग म्हणाल्या. मी रंगात येऊन घेतला. मिनिटभराने त्यांनी गाणं थांबवून विचारलं, आत्ता कोण नाही? मला कळेना. मी चेहरे मोजत राहिले, पाणी चमकत होतं, पुढच्यांचे खांदे मध्ये येत होते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक तरुण पाण्याखालून वर आला आणि धापा टाकत हसला. सगळे हसले. मला काठावर बोलावून त्यांनी पुन्हा तेच केलं, तर वरून तळाच्या फरश्यासुद्धा दिसत होत्या. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, तुमच्या वडिलांच्या हातावर एक मूल होतं, तुमच्यापुढे वीस माणसं असतात. त्यांना थेरगावच्या बाईंबद्दल काही माहीत नव्हतं. मी कुणालाच बोलले नव्हते.

दुपारच्या जेवणाला मी गेले नाही. अण्णा, मला तुमचा राग आला. माणूस जाऊन अठरा वर्षं झाली तरी त्याचा शब्द घेऊन पोरीने पाण्यात उभं राहायचं आणि त्यापायी एक म्हातारी बुडायची, हा कुठला न्याय? सगळं तुमच्या माथी मारल्यावर थोडं हलकं वाटलं, आणि त्या भरात मी थेरगावला फोन लावला. बाईंनीच उचलला. माझी परिषद कशी चाललीय हे आधी विचारलं. मग म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमच्या वर्गाचं नाव खराब झालं हो. मला तर पक्कं आठवतंय, चहाबरोबर गोळी घेतली होती. पण मला चक्कर येताना तुम्ही बघितलंत म्हणजे मीच विसरले असणार." मुलगा आता रोज गोळ्या स्वतःच्या हाताने देतो, समोर उभा राहून गिळायला लावतो. गॅसजवळ एकटीला जाऊ देत नाही. विस्मरणाच्या डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात नेणार आहे. पाण्यात पुन्हा जायचं नाव काढायचं नाही, असं घरात ठरलंय. मी काय बोलले सांगू? काळजी घ्या म्हणाले आणि फोन ठेवला.

तुमच्यावरचा राग तिथेच उतरला, कारण तो खोटा होता. तुमचा दुसरा शब्द मी परिषदेत सांगितला नव्हता. बेडकाच्या गोष्टीनंतर वर्षभराने असेल. मी एकटी पोहून पायरीवर आले होते, परकर-पोलकं अंगाला चिकटलेलं, केस पिळत होते. तुम्ही कंपनीतल्या दोन पाहुण्यांना शेत दाखवायला घेऊन आलात. मला पाहिल्याबरोबर पुढे आलात आणि दबक्या आवाजात म्हणालात, "पाण्यात हो. गळ्याइतकी. म्या हाक मारंस्तवर वर यायचं न्हाई." वर चहा झाला, उसाच्या गप्पा झाल्या. खाली माझी बोटं पांढरी पडली, दात वाजायला लागले. त्यानंतर तुम्ही मला विहिरीवर कधी नेलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तलावाच्या काठावर पोहायच्या पोशाखात उभं राहायला मला आजही लाज वाटते. समोरच्या इमारतीच्या गच्च्या दिसतात, गावातला ओळखीचा कुणीतरी फाटकाशी असतोच. टॉवेल गुंडाळून येते, शेवटच्या क्षणी तो टाकते आणि उतरते. छातीइतक्या पाण्यात गुडघे वाकवून गळ्यापर्यंत राहते आणि शिकवते. लोक विचारतात तेव्हा वडिलांची शिकवण म्हणून सांगते, माना डोलावल्या जातात. तुम्ही मला चांगलं तेही दिलंत आणि हेही दिलंत, पण त्या मुलाला गोळीचं सांगितलं ते तुम्ही नाही, मी.

कोचीहून आल्यापासून मी काठावरून शिकवते. अंगात नवऱ्याचा ढगळ टी-शर्ट असतो, पण शेवटची रांग दिसते. बायका म्हणतात, मॅडम परिषदेहून नवीन शिकून आल्या. थेरगावला अजून गेलेले नाही. डॉक्टरांकडे नेण्याचा दिवस परवा आहे. त्याआधी त्या मुलाला सगळं लिहून द्यावं, समोर बोलताना जीभ कचरेल, म्हणून आज दुपारी कागद घेऊन बसले. पहिली ओळ त्याला लिहायची होती, अण्णा, आणि मी तुम्हाला लिहिली.