दव नव्हे, शिमो

९ एप्रिल २००६, रविवार
थंडी कमी. टेकडीखालच्या खोलगट तुकड्यावर आज वांग्याची दहा रोपं लावली. समीरने इथे जपानात, कावासाकीत पालिकेकडून भाड्याने घेतलेला तुकडा, खोलीएवढा. शेजारच्या तुकड्यातल्या हायाशी-सान, माझ्याच वयाच्या बाई, हातांची फुली करून म्हणाल्या, "दामे, दामे." म्हणजे नको. मग आभाळाकडे बोट. "शिमो."
घरी समीरला विचारलं. लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "शिमो म्हणजे दव, बाबा."
दवाला काय भ्यायचं? आमचा हरभरा दवावरच वाढायचा. हसू आलं. तरी चुटपुट लागली. शेत रिंगरोडमध्ये गेलं. या काटेरी वांग्याचं बी आता दुसऱ्या कुणाकडे नाही. होतं तेवढं सगळं इथे आणून पेरलं. बरं केलं की…

११ एप्रिल
रोपं ताठ. सूनबाईला, मुग्धाला, म्हणालो, "इथले लोक फार भितात."
ती म्हणाली, "त्या इथल्या आहेत, बाबा. आपण नाही."

१५ एप्रिल, शनिवार
पहाटे फार गारठा होता. उजाडताच गेलो. कुणी उकळतं पाणी ओतावं तशी पानं काळी, लोंबलेली. गवत पांढरं. बोटाने उचललं, साखरेसारखं. लगेच विरघळलं. हे दव नाही.
हायाशी-सान आल्या. बघितलं. वाकून एक काळं पान उलटलं.
घरी येऊन समीरवर ओरडलो. तो म्हणतो, "फ्रॉस्टला मराठीत काय म्हणतात मला काय माहीत? पुण्यात कधी पडलं होतं?"
मलाही शब्द आठवेना.
दहाच्या दहा गेली. बाल्कनीत तोफूच्या रिकाम्या डब्यांत आठ राहिलीत. बस.

१६ एप्रिल
हायाशी-साननी घरचं कॅलेंडर आणून दाखवलं. २ मेवर बोट. समीर सोबत आला होता, त्याने सांगितलं, इथल्या पंचांगातला वसंत लागल्यापासून ही अठ्ठ्याऐंशीवी रात्र. त्यानंतर शिमो पडत नाही असं हे लोक धरतात. या वेळी इंग्रजी-मराठी दोन्हीत समजावून सांगितलं त्याने.
माझं विमान २८ एप्रिलला. व्हिसा संपतो. वाढवून मिळत नाही, विचारून झालं.

२० एप्रिल
लावणार कोण? समीरच्या ऑफिसात रिलीज आहे. म्हणतो, मेच्या सुट्टीत बघू. त्याचं बघू मला माहीत आहे.
मु. जेवण वाढता वाढता म्हणाली, "मी लावते की."
मी भात कालवला. हिच्या हातून कॅक्टस मेला होता.
"कॅक्टस आठवला ना?"
"नाही."
"आठवला."
समीर हसला. मला हसू येईना.

२३ एप्रिल
मु.ला तुकड्यावर नेऊन शिकवलं. डबा उलटा कसा धरायचा, मुळांची माती कशी सुटू द्यायची नाही. खड्डा दोन पेरं खोल.
"तुमच्या बोटाची पेरं की माझ्या?"
हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिचं बोट मातीत घालून बघितलं. तिची तीन.
सांगितलं, पहिलं वांगं खायचं नाही. झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. बियांसाठी.
"आणि समीरने तोडलं तर?"
"तर समीरला वाफ्यात पूर."
खूप हसली. पण लक्षात राहील ना हिच्या?

२७ एप्रिल, गुरुवार
छान ऊन. उद्या निघायचं. राहवलं नाही. चार डबे पिशवीत घालून एकटाच गेलो. खड्डे केले. तेवढ्यात मु. सायकलवरून आली, धापा टाकत.
"बाबा, काय करताय?"
"चार मी लावतो, चार तू लाव. निदान काहीतरी राहील."
"आणि आज शिमो पडलं तर?"
"नाही पडणार."
"कशावरून?"
मी पहिल्या डब्याला हात घातला.
"माझ्यावर भरवसा नाही, एवढं म्हणा. मग लावा सगळी."
खड्डे बुजवले. डबे तिच्या सायकलच्या टोपलीत गेले. मी मागून चालत आलो. जेवताना समीर एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

२ मे, पुणे
दुपारी फोन केला. तिकडे संध्याकाळ झालेली.
"लावलीस?"
"नाही."
"अगं, आज दोन तारीख."
"माहीत आहे. पण वारा पडलाय, आभाळ अगदी मोकळं आहे. अशाच रात्री शिमो पडतं. मला नाही आवडलं. हायाशी-सानही थांबल्यात."
डब्यात मुळं गुंडाळत चालली असणार. आणखी किती थांबणार? तारीख तर झाली. हे ओठांवर आलं, गिळलं. विचारलं, "पानं कशी आहेत?"
"बाबा, ठेवते. रोपं आत घ्यायचीत."
फोन बंद. इथे अंगाची लाही होतेय, पंखा असून नसल्यासारखा. परत लावावा का फोन… नको. आत घेत असेल.
तिकडे सकाळ आपल्या आधी होते. पडलं की नाही, ते आधी तिला कळेल, मग मला.