चौदा ब्रँचची नावं

३ मार्च, सोम.
भरतभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. शुक्रवारी एका कारखान्याची माणसं आपलं सॉफ्टवेअर बघायला येणार. सर्व्हरवरच्या ब्रँचना (प्रत्येकाच्या कामाची वेगळी प्रत) आपल्या माणसांची नावं नकोत, नुसते कामाचे नंबर हवेत. "तारुं काम चोख्खुं छे, तू ज करजे." कौतुक असावं.
मी म्हटलं, ऑफिसात सगळे एकाच लॉगिनने काम पुश करतात, म्हणजे सर्व्हरवर चढवतात. कोणी काय केलं ते फक्त ब्रँचच्या नावावरून कळतं.
"एमां शुं? बधा घरना ज छीए."
घरचे! सहा महिने ट्रायलवर आहे. कायम करायचं की नाही ते महिनाअखेरीस ठरणार. डिप्लोमा अर्ध्यात सोडलेल्याकडे दाखवायला केलेलं काम तेवढं असतं.

४ मार्च
तेरा झाल्या. नाव बदलायचं, पुश करायचं, उघडून बघायचं, मग सर्व्हरवरची जुनी डिलीट. प्रत्येक दोनदा तपासली. मागून मितेश (इंजिनिअर, कायम) : "अल्या, नाम पाड्यां, तो पेंडा क्यां?" बारशाचे पेढे हवेत त्याला. सगळे हसले.
माझी शेवटी ठेवली. निखिल-गेटपास. फाटकावर ट्रकची नोंद, ड्रायव्हरचा फोटो, पास. पाच महिने. आता काम-१४. सेकंदही लागला नाही.
ग्रुपवर लिहिलं : उद्यापासून जुन्या नावावर कोणी पुश करू नये. मितेशचा अंगठा सगळ्यांत आधी.

६ मार्च
निखिल-गेटपास सर्व्हरवर परत हजर.
मितेशला माझ्या गेटपासमधल्या एका बटणाचा रंग बदलायचा होता. त्याच्या मशीनवर जुनंच नाव, तिथूनच पुश. सर्व्हरने मुकाट्याने त्या नावाची ब्रँच पुन्हा तयार केली. त्याचा रंग मी काम-१४ वर नेऊन ठेवला, जुनी डिलीट करणार, तेवढ्यात भरतभाईंनी ते नाव पाहिलं. सगळ्यांसमोर : "एक ज नाम रह्युं, ने ए पण तारुं?"
मी मुद्दाम ठेवलं असं वाटलं त्यांना. खरं ते सांगितलं. "बीजा पर ना नाख." दुसऱ्यावर ढकलतोय म्हणे. मितेश हेडफोन लावून बसलेला. मग मीही त्या ब्रँचला हात लावला नाही.

७ मार्च
माणसं येऊन गेली. पास मितेशने काढून दाखवला. "किसने बनाया?" "टीम ने, सर." हात मात्र त्याच्याशीच मिळवला. मी प्रोजेक्टरची वायर धरून उभा. सैल होती.
निघताना भरतभाई : "पेली ब्रँच काढी नाख. सोमवारे हुं जोईश." ती काढून टाकायची, सोमवारी ते स्वतः बघणार.

८ मार्च, शनि.
आई फोनवर सुरतच्या मावशीला : "अगं, आमच्या निखिलनं केलेलं काल साहेबांनी पाहिलं!" काय सांगू तिला.
घरून सर्व्हर उघडला. ब्रँच आहे अजून. वर एक ओळ मितेशच्या रंगाची, खाली सगळं माझं. नाही काढली तर कायम होण्याचं विसरायचं. काढली तर महिनाअखेरीस कशाकडे बोट दाखवू? स्क्रीनचा फोटो घेतला. पण तो कोणाला दाखवणार?
डिलीटची ओळ टाइप केली आहे. नाव दोनदा तपासलं. बरोबर आहे.
एंटर अजून दाबलेलं नाही.