प्रांजलच्या हळदीला धवला कुणी गायचा

पळस्पे,
रविवार, दुपार

ती. किशोरीवन्संना,

रंभाचा साष्टांग नमस्कार. (पत्रातून घालते आहे, इथे खाली वाकावं लागत नाही.) तुमची साखर आटोक्यात असेल, भावजी वेळेवर जेवत असतील आणि उरणला आमच्यापेक्षा ताजे बोंबील मिळत असतील, असं धरून चालते. फोनच केला असता, पण सूनबाई नीता मला फोन लावून देते आणि स्वतःही तिथेच बसते. म्हणून हे पत्र.

कानावर आलं की आपल्या प्रांजलच्या लग्नात धवल्याची गाणी स्पीकरवर लावायचं तुमच्या मनात आहे, कारण म्हणे रंभाला आता खाली बसवत नाही. वन्सं, तीस वर्षं मी धवलारीण आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंत कितीतरी लग्नं गाऊन लावली. गाणी शिकवली तुमच्या आईंनी, आणि जमिनीवर मांडी घालूनच गायचं हा नियमही त्यांचाच. तो मी एकदाही मोडलेला नाही, आणि भाचीच्या लग्नात मामी गप्प बसेल हे विसरा.

माझे गुडघे उत्तम आहेत. जिना तेवढा चढवत नाही, पण वरच्या मजल्यावर माझं आहे काय? (नीता आहे.) मासळी विळीवर न बसता ओट्याशी उभी राहून सुरीने कापते. पनवेलच्या बाजारात दर टोपलीपाशी गुडघा विसावा मागतो, तर कोळणींना वाटतं मी भाव पाडायला उभी आहे, आणि त्या न मागता दोन बोंबील जास्त टाकतात. दुखण्यातून इतकी बरकत कुणाला झाली असेल तर सांगा.

नेरे गावातल्या लग्नाचं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलं असेल, म्हणून खरं काय ते लिहिते. प्रितम नावाच्या नवऱ्या मुलाची हळद होती. मी ऐटीत बसले, ऐटीत गायले, आणि गाणं संपत आलं तेव्हा कळलं की डावा गुडघा मांडीतून सुटायला तयार नाही. गाणं संपलं की धवलारणीने उठायचं, मग मुलाने पाटावरून. करणार काय, गात राहिले. नेऱ्याचे देव बोलावून झाले, पळस्प्याचे झाले, करंजाड्याचे झाले, मग दोन्ही घरच्या पूर्वजांना आमंत्रणं दिली (त्यातला एक हयात निघाला, मागे जेवत होता). तास गेला. हळद पोराच्या अंगावर वाळून तडकली. म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या, इतका लांब धवला त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. शेवटी प्रितम पाया पडायच्या निमित्ताने पुढे वाकला आणि कानाशी म्हणाला, "काकी, गुडगा आखडलाय ना? माजे बी दोनी पाय बधिर झालेत. थांबा आता, दोगं मिळून उठू." तसे एकमेकांना धरून उठलो. मुलावर संस्कार चांगले आहेत, असं सगळं गाव म्हणालं. मीही म्हणाले.

तेव्हा स्पीकरला असं जमेल का, ते विचारून पाहा. प्रांजलला माझे आशीर्वाद.

आपली,
रंभा

ता. क. डॉक्टरांनी मांडी घालायला कायमची मनाई केली आहे. नेऱ्याहून आल्यावर तीन दिवस भिंत धरून चालत होते.

आणखी ता. क. तुमच्या आईंनी शेवटची चार वर्षं धवला सोडला. आवाज गेला, म्हणायच्या. पण ओट्याशी उभ्या राहून भाकऱ्या थापताना त्या गायच्या, मी रोज ऐकायचे. आवाज गेला नव्हता, वन्सं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

शेवटची ता. क. मांडवात मला खुर्ची द्याल का? नियम तुमच्या आईंचा, तो मोडायचा तर लेकीनेच मोडावा; मी सून पडले. हात असलेली द्या, उठताना धरायला.