हिरवं बटण

५ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी महत्त्वाचा माणूस आहे. मॅनेजर लोक नोकरीत किती समाधानी आहेत ते मोजायचं काम मोठ्या साहेबांनी माझ्यावर सोपवलं. एचआरमध्ये इतकी वर्षं डेप्युटी म्हणून घासली, त्याचं चीज झालं.

आमच्या मजल्याच्या दाराशी मशीन बसलंय. पाच बटणं, पाच चेहरे. पहिला लाल आणि रडका, मधला पिवळा, आंबट तोंडाचा, शेवटचा हिरवा, खदखदून हसणारा. घरी जाताना प्रत्येक मॅनेजरने कार्ड टेकवायचं आणि एक बटण दाबायचं. कार्ड कशाला, असं स्टोअर मॅनेजरने विचारलं. मशीन जागं व्हायला, असं मी सगळ्यांसमोर ठोकून दिलं. नावं कोण बघतंय?

संकल्प: महिनाअखेर अख्खा मजला हिरवा. मग माझ्या पाटीवरचं 'डेप्युटी' जाईल.

६ जून, संध्याकाळ
निकाल लाजिरवाणा. बहुतेक पिवळे. प्रोडक्शन मॅनेजरने तर लाल दाबलं, तेही अंगठ्याने, कुणाच्या दाराची बेल दाबावी तसं. हा आमचा रडतराऊ. माणसं कमी, यंत्रं जुनी, चहा पाणचट. सगळ्यांत खोट. माझं नाक कापणार हा.

साहेबांनी बाहेरून एक सल्लागार बाई आणल्यात. हसत नाहीत. खोलीत आल्या की आधी खुर्च्या बघतात, मग माणसं. मला त्यांची शिस्त आवडली.

९ जून
आपणच उदाहरण घालून द्यायला हवं. मी आता सकाळी येतानाही हिरवं दाबतो. नियमात नाही, पण उत्साहाला नियम नसतो.

केबिनमधून केबिनमध्ये फिरलो. हिरवं दाबल्याने कुणाचं काय बिघडतं, असं प्रत्येकाला विचारलं. परचेस मॅनेजर लगेच तयार झाला. हसत हसत दाबलं. गोड माणूस.

१४ जून
परचेस मॅनेजर दोन दिवस दिसला नाही. केबिनला कुलूप. मोठ्या पोस्टवर गेला असणार. बाईंना विचारलं, तर त्याचं काम संपलं, एवढंच म्हणाल्या. कमी बोलणारी माणसं मला भावतात.

मार्केटिंगवालाही गेला. तोही हिरवा होता. प्रगती आहे.

१९ जून
स्टोअर मॅनेजर मशीनसमोर बोट धरून उभाच. मला भाऊ म्हणतो, आम्ही एकाच वर्षी लागलो. म्हणाला, भाऊ, खोटं कशाला, मला मधलंच वाटतं. तक्रार नाही, पण आईच्या आजारपणात रजा मागताना साहेबांनी चार लोकांत सुनावलं, ते मनातून जात नाही. मी म्हटलं, तुझं मन राहू दे बाजूला, माझ्यासाठी दाब. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हिरवं दाबलं. म्हणाला, तुझ्यासाठी हं.

गहिवरून आलं. मैत्री म्हणतात ती हीच.

२२ जून
स्टोअरची केबिन रिकामी. त्याची छत्री तेवढी कोपऱ्यात राहिलीय. खिडकीतल्या कुंडीला मी पाणी घातलं.

दुपारी फोन केला. आईने उचलला. तो भरदिवसा झोपलाय म्हणाली, आणि ऑफिसला सुट्टी आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मला फार वाईट वाटलं. पण प्रोजेक्ट म्हटलं की मन घट्ट करावं लागतं.

रडतराऊला मात्र दोन नवी माणसं आणि एक नवं यंत्र मिळालं. साहेबांना त्याची कीव आली असावी.

२३ जून
जेवताना हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, अहो, हसणारे जातायत आणि रडणारा राहतोय, हे तुमच्या लक्षात येत नाही का? आकडेवारी अशी चपाती लाटता लाटता कळत नसते, असं मी म्हटलं. तिने लाटणं खाली ठेवलं. माझ्या गळ्याची शपथ, उद्यापासून लाल दाबा, म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. बाईंसारखीच दिसली क्षणभर.

२७ जून
मोठ्या साहेबांच्या खोलीत मीटिंग. बाई म्हणाल्या, समाधानी मॅनेजर म्हणजे ज्याला कंपनीकडून काही नको, आणि ज्याला काही नको त्याच्यापाशी काम उरलेलं नसतं. केवढा खोल विचार! मी जोरजोरात मान डोलावली.

मग पडद्यावर समाधानाचा क्रम दाखवला. नावानिशी. म्हणजे कार्डाबद्दल मी सगळ्यांना चुकीचं सांगितलं होतं. असो, तांत्रिक बाब.

पहिला नंबर माझा. सकाळ धरून दुप्पट. साहेब माझ्याकडे टक लावून पाहत होते. बाईंनी माझी खुर्ची पाहिली.

२८ जून
सकाळपासून हातापायांना घाम. प्रकृतीची कुरबुर असावी. मजल्यावर आता मी आणि रडतराऊ. इतकी शांतता की कुलरचं पाणी उकळल्यासारखं ऐकू येतं.

ठरलं. लाल दाबायचं. हिच्या समाधानासाठी, भीतीने नव्हे.

संध्याकाळी मशीनपाशी गेलो. मागे रडतराऊ उभा. अंगठा दाखवून म्हणाला, असा दाबायचा, लाजायचं नाही. एवढ्या दिवसांत इतक्या प्रेमाने तो कधी बोलला नव्हता. त्याच्यासमोर लाल दाबणं म्हणजे मी आजवर थापा मारल्या असं कबूल करणं. हिरवं दाबलं. उद्या नक्की लाल.

२९ जून
आज पोट बिघडलं. हाफ डे. मशीनकडे गेलोच नाही.

३० जून, शुक्रवार, संध्याकाळ
रडतराऊ रजेवर. म्हणजे मजल्यावर मी एकटा. बोट लालवर ठेवलं होतं. खरंच ठेवलं होतं. मग लक्षात आलं, आज महिनाअखेर, आणि आज मी हिरवं दाबलं तर अख्खा मजला हिरवा होतो. पूर्ण शंभर टक्के. एवढं जवळ आलेलं यश माणसाने असं लाथाडायचं?

दाबलं. मशीन गोड वाजलं. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

३ जुलै, सोमवार
कार्डाने दार उघडेना. वॉचमन इतक्या वर्षांचा ओळखीचा, तरी खाली बघून बोलत होता. साहेब, कार्ड माझ्याकडे द्यायला सांगितलंय, म्हणाला. काचेतून माझी केबिन दिसत होती. रडतराऊ तिथे उभा राहून खिडकीला पडदा नाही म्हणून कुणावर तरी ओरडत होता. पाटीवरचं 'डेप्युटी' गेलं होतं. पाटीसकट.

घरी आलो. हिने दार उघडलं, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ऑफिसला सुट्टी आहे का, असं विचारलं.

मी हो म्हटलं.