नळी लावून चहा

कुवेत, फेब्रुवारी २००१

प्रिय आलोक,

अरे, काल मी लॅटव्हियन बोलले! हसू नकोस. एकच शब्द, पण बोलले. स्काबेक्लिस. म्हणजे आपला ऑक्सिजन. म्हणे ‘आंबट’वरून केलाय. आपण त्याला प्राणवायू म्हणून देव्हाऱ्यात बसवलं, यांनी थेट लोणच्याच्या बरणीत! परवा तू फोनवर अण्णांचं सांगितल्यापासून माझ्या तोंडाची चव गेली होती, पण आज कधी एकदा तुला लिहिते असं झालंय.

मीना अल-अहमदी बंदराला लागलेल्या एका जहाजावरचा यानिस नावाचा खलाशी न्यूमोनियाने आमच्या वॉर्डात आलाय. ओठ निळे पडत होते आणि हा बाबा नाकातली ऑक्सिजनची नळी ओढून फेकायचा. ना इंग्रजी, ना अरबी. असमा सिस्टरने लाडीगोडी लावून पाहिली, मी चक्क हिंदीत रागावले. शेवटी जहाजावरच्या त्याच्या देशबांधव अधिकाऱ्याला फोन लावला, हा शब्द तळहातावर देवनागरीत लिहून घेतला आणि मोठ्या ऐटीत यानिसच्या कानाशी म्हटला. झालं! तो ढसाढसा रडायलाच लागला.

मग त्या अधिकाऱ्याने यानिसशी बोलून मला खुलासा केला. त्याच्या आजोबांना नळी लावली ती शेवटच्या दिवशी. त्यामुळे नळी लागली म्हणजे माणूस चालला, हे त्याच्या डोक्यात पक्कं. आलोक, मी उडालेच! कुठे त्याचं बर्फातलं गाव, कुठे आपलं सिन्नर, घाबरायची रीत मात्र एकच.

मी समजावणं सोडलं. एक नवी नळी माझ्याच नाकात घातली, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले आणि मजेत चहा प्यायले, वर बिस्किटही बुडवून. तो बघत राहिला. मग हसला आणि नाक पुढे केलं! आज ओठ गुलाबी आहेत, सूप मागतोय.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण फोन अण्णांच्या उशाशी असतो. सिलिंडर घरात येऊन पडलाय आणि ते ‘मला एवढ्यात पोचवू नका’ म्हणून नळी लावू देत नाहीत ना? उद्या आमच्या हॉस्पिटलातला विजयकुमार नाशिकला निघतोय, त्याच्याबरोबर एक नळी पाठवतेय. ती तुझी. सिलिंडरला जोडूही नकोस. नुसती नाकात घालून त्यांच्यासमोर बस, चहा पी, पेपर वाच. हसले तर हसू दे. मला सुट्टी मिळालीय, पुढच्या शुक्रवारी येते. तोवर त्यांना श्वास घ्यायला लाव रे. मला अण्णांशी भांडायचंय अजून.

तुझीच,
शामलाताई