कॅमेऱ्याची दोरी

बाबा, तुला अक्षरओळख नव्हती, तरी हे तुला लिहिते आहे. तू होतास तेव्हा मी तुला वाचून दाखवायचे. पुडी बांधून आलेला कागद असो, नाहीतर रेशनकार्डाच्या मागचा मजकूर, तू जाळं बाजूला ठेवून ऐकायचास आणि म्हणायचास, "परत वाच बाय, हलू वाच." चौथीत शाळा सुटली, पण पुड्यांचे कागद वाचायची सवय सुटली नाही, आणि आता वाचनालयाची दोन पुस्तकं आठवड्यात संपतात. त्यात कितीतरी जण मेलेल्या माणसांना पत्रं लिहितात. मला ते खोटं वाटायचं. गेलेल्या माणसाशी मनात बोलावं, कागद कशाला? पण मनात बोलताना मी एक गोष्ट दर वेळी गाळते, हे हल्ली माझ्या ध्यानात आलं. कागदावर गाळली तर निदान डोळ्यांना दिसेल.

वर्सोव्याच्या घराची मागची पायरी आठवते. तू भिंतीला टेकून बसला आहेस, जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आहेस, आणि मी समोर. मी डावखुरी. आई म्हणायची, पोरीचा हात बदल, सासरी नावं ठेवतील. तू म्हणालास, "जाल्याला काय कलतंय, डावा का उजवा?" आणि तू मला उलट बाजूला बसवून, आरशात बघावं तसं शिकवलंस. त्यामुळे माझ्या गाठीचं टोक तुम्हा सगळ्यांच्या गाठीपेक्षा दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. ओढताच सुटणारी सुरगाठ कुठे मारायची, न सुटणारी निरगाठ कुठे, हे मी तिथेच शिकले. आणि एक गोष्ट तू दर वेळी सांगायचास, मला पाठ झाली तरी: होडीवर कुठलीही दोरी अंगाला बांधायची नाही. काकाने हाताला दोरी गुंडाळली होती, जाळं पाण्यात गेलं आणि जाळ्याने काकाला नेलं. तुझ्यासमोर.

मी कोळीवाड्याबाहेर लग्न केलं. हे कोकणातले, अंधेरीच्या एका फोटो स्टुडिओत कामाला. लग्नं, बारशी, पासपोर्टचे चेहरे, आणि कधी कारखान्यातल्या यंत्रांचे फोटो. तशाच एका कामात त्यांना औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे साहेब भेटले. साहेबांनी परदेशातून पाठीवर बांधायचं इंजिन आणलं होतं. इंजिनाला मागे मोठा पंखा, पंख्याभोवती सळ्यांची चौकट, आणि डोक्यावर लांबट कापडी छत्री. वाळूवर धावत सुटायचं, छत्रीत वारा भरला की पाय उचलायचे. साहेबांचे गुडघे गेलेले, त्यांना धावता येईना. म्हणून त्यांनी यांना शिकवलं. विमानतळापासून दूर म्हणून गोराईच्या पुढची वाळू निवडली. परवानगीचं साहेब बघायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, असलं काही कोणी पाहिलेलं नव्हतं. मासळीवाल्या बायका मला वाटेत अडवायच्या. "काय गो, तुझा नवरा पाठीला पंखा लावून फिरतो म्हंतात. घरान गरम होते काय त्याला?" मी हसायचे. मनातून मला अभिमान होता.

साहेबांना दिनदर्शिकेसाठी किनाऱ्याचे वरून काढलेले फोटो हवे होते. वर गेल्यावर दोन्ही हात छत्रीच्या दोऱ्यांत गुंतलेले असतात. फोटो काढायचा तर दोन्ही दोऱ्या क्षणभर एका हातात घ्यायच्या, दुसऱ्या हाताने कॅमेरा उचलायचा, आणि परत सोडायचा. फोकस आधीच लांबचा करून हे त्यावर चिकटपट्टी लावायचे. रोल छत्तीस फोटोंचा, वर बदलता येत नाही. आणि साहेबांचा एक कडक नियम: अंगावरची प्रत्येक वस्तू बांधलेली हवी. हातातून काही सुटलं की ते मागे पंख्यात जातं, आणि मग पंखाही जातो, माणूसही. म्हणून कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आणि कॅमेऱ्यापासून एक दोरी खांद्यावरून मागच्या चौकटीला. ती दोरी मागायला आम्ही तुझ्याकडे आलो, आठवतं? मी चुलीवर कालवण ठेवलं होतं. यांनी सगळं समजावून सांगितलं आणि तू दोरीचं रीळ मांडीखाली दाबून बसलास.

"अंगाला बांधनार? नाय देत."

"बाबा, होडीवरचा नियम वेगळा. वर पाणी नाही."

"वर नाय. खाली हाय ना?"

"मी पाण्यावर जाणारच नाही."

"सगलेच असं म्हंतात रे पोरा."

शेवटी तू दोरी दिलीस, पण मला जवळ बोलावून. चौकटीला सुरगाठ मारायची, टोक छातीवर मोकळं ठेवायचं, एका झटक्यात सुटली पाहिजे. "निरगाठ मारलीस तर माझी दोरी परत आनून दे." मी हो म्हटलं.

तीन वेळा मी सुरगाठ मारून दिली. तिसऱ्या वेळी वर गेल्यावर ते मोकळं टोक यांच्या हातमोज्यात अडकलं, गाठ सुटली, दोरी मागे उडाली आणि पंख्याने ती वीतभर कापून टाकली. पात्याचा टवका गेला. इंजिन बंद करून हे कसेबसे वाळूवर उतरले. साहेब लांबूनच ओरडत आले, "अरे, ही काय बुटाची नाडी आहे? पुन्हा असं झालं तर घरी बस आणि पासपोर्टचे चेहरे काढ!" घरी आल्यावर हे जेवले नाहीत. पातं बदललेलं इंजिन नेहमीसारखं आमच्याच घरी होतं. पुढच्या रविवारी सकाळी दोरी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "अगं, तूच मार. तुझ्या हातची गाठ सुटत नाही. बाबांना सांगायला नको." मी विचार केला. केला, हे खरं आहे. घाईत झालं असं मी म्हणणार नाही. मला सुटलेली दोरी आणि पंखा दिसत होता. पाणी दिसत नव्हतं. मी चौकटीला निरगाठ मारली, वर पाणी लावून आवळली, आणि यांनी दोन्ही हातांनी ओढून बघितली. "झकास," म्हणाले.

त्या दिवशी हे पाण्यावर गेले. साहेबांनी सांगितलं नव्हतं. तुझी जाळी त्या आठवड्यात गोराईच्या समोर लागली होती आणि यांना ती वरून काढायची होती, तुला द्यायला. आदल्या दिवशीच मला म्हणाले होते, "बाबांनी जाळं आयुष्यभर होडीतून बघितलं. एकदा वरून बघू देत." परत येताना इंजिन बंद पडलं. किनारा फार लांब नव्हता.

निरोप आल्यावर मी तुझ्याकडे धावले. रिक्षाने बोरिवली, मग खाडीची होडी. सगळ्या वाटेत तू माझं मनगट धरलं होतंस. वाळूवर यांना झोपवलं होतं आणि थोडं पलीकडे ते इंजिन. ज्यांनी बाहेर काढलं ते होडीवाले तुझ्या ओळखीचे निघाले. ते सांगत होते, इंजिन अंगाला बांधायचे तिन्ही पट्टे यांनी पाण्यात सोडले होते, इंजिनापासून मोकळे झाले होते. पण कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, डोक्यावर शिरस्त्राण, त्यावरून पट्टा निघेना, आणि कॅमेऱ्याची दोरी चौकटीला. इंजिन बुडालं ते घेऊनच. शेवटी दोरी कोयत्याने कापावी लागली. तू उठून इंजिनाजवळ गेलास. चौकटीवर गाठ तशीच होती. तू ती दोन बोटांत धरून बराच वेळ बघितलीस आणि माझ्याकडे न वळता विचारलंस, "ही कोनी मारली?"

मी म्हणाले, "यांनीच."

एवढंच. तू मान हलवलीस.

स्टुडिओतला यांचा जोडीदार शहाणा. त्याने सांगितलं होतं, कॅमेरा सुकू द्यायचा नाही, गोड्या पाण्यात बुडवून आणा, सुकला तर फिल्म चिकटेल. म्हणून मी तो बादलीत घालून अंधेरीला नेला. काही फोटो निघाले. त्यातला एक घेऊन मी तुझ्याकडे आले. राखाडी पाणी, त्यावर जाळी तरंगती ठेवणाऱ्या पिंपांची रांग, आणि प्रत्येक पिंपाच्या एका बाजूला पाण्याची बारीक शेपटी. तू फोटो उलटा धरलास, मग आडवा, मग त्या शेपट्यांवरून दिशा लावलीस. "ओहोटी लागली व्हती," म्हणालास. "पान्यात पडलेली छत्री बाहेर दर्यात ओढली ती त्यानंच." नंतर फोटो मला परत दिलास. "पोरगा चांगला व्हता. ऐकनारा नव्हता."

हेच तू पुढे सगळ्यांना सांगितलंस. कोळीवाड्यात, माझ्या सासरी, तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना. दोरी बांधू नको म्हटलं, ऐकला नाय. सासूबाई ऐकून घ्यायच्या. पोटच्या पोराचा हट्टीपणा कबूल केल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं, आणि त्या तशाच गेल्या. मी भाकऱ्या वाढत होते, भांडी घासत होते. जो माणूस तुझ्यासाठी फोटो काढायला पाण्यावर गेला, त्याला तू न ऐकणारा म्हणत होतास, आणि मी तोंड उघडत नव्हते. तू नंतर चार वर्षं होतास. त्या चार वर्षांतला कुठलाही दिवस चालला असता.

पण बाबा, फार उशिरा माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. जाळं कुठेही फाटो, नुसत्या गाठीला बोट लावून तू सांगायचास की हे कोणाच्या हातचं आहे. आईचं, आत्याचं, शेजारणीचं. आणि अख्ख्या वाड्यात डाव्या हाताची गाठ मारणारी मी एकटी होते. तू ती गाठ दोन बोटांत धरली होतीस. तुला कळलं नसेल असं कसं होईल? मग तू सगळ्यांना जे सांगत फिरलास, ते कोणाला वाचवायला? कोणी माझ्याकडे बोट दाखवायच्या आत तू ते मेलेल्याकडे वळवलंस का? तसं असेल तर आपण दोघांनी मिळून दोष यांच्यावर घातला, एकमेकांना न सांगता. तुझ्यावर रागावावं की तुझे पाय धरावेत, मला ठरवता येत नाही. यांच्याशी तर मी मनातसुद्धा याबद्दल बोलत नाही.

परवा शेजारच्या मुलीने विचारलं, "आजी, आजोबा कसे गेले?" मी म्हणाले, ओहोटी होती. तेही खोटं नाही.

गाठ मी मारली. हे लिहून झालं. आता हे कागद मी कपाटात ठेवीन; पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुला ते दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं. पण लिहून मोकळी झाले असं मी म्हणणार नाही. तू आत्ता समोर येऊन बसलास आणि तेच पुन्हा विचारलंस, तर मी खरं सांगेन याची मला अजूनही खात्री नाही.